अण्णांना ऐकू येत होतं: एकाच गोष्टीवर कथेतल्या युक्त्या वापरून बघू या

मी कथा मोठ्यानं वाचते. ध्वनिपुस्तकांसाठी, बंद खोलीत, माईकसमोर. डोळ्यांनी वाचताना जे निसटतं ते आवाजात अडकतं. निवेदक मध्येच पात्राच्या डोक्यातून बाहेर पडला, पात्रं एकमेकांशी बोलायचं सोडून वाचकाला माहिती पुरवू लागली, एखाद्या उपमेनं वाक्याचा श्वास तोडला, हे सगळं जिभेला आधी कळतं. त्यामुळे नव्यानं लिहिणारे त्यांचे खर्डे मला वाचायला देतात आणि हमखास विचारतात, की कथेत कोणकोणत्या युक्त्या वापरायच्या असतात?

प्रतीक, पूर्वसूचन, फ्लॅशबॅक, नाट्यात्म उपरोध, संज्ञाप्रवाह अशी यादी कुठेही मिळते. ती पाठ असलेल्या माणसाची कथाही निर्जीव असू शकते, कारण यादीत प्रत्येक युक्ती सुटी दिसते. माझ्या मते कथेतली जवळजवळ प्रत्येक युक्ती एकच काम करते. या क्षणी वाचकाला किती माहीत आहे आणि पात्राला किती, यातलं अंतर ती कमी-जास्त करते. हे अंतर हाताळता आलं की युक्त्यांची नावं मागाहून शिकली तरी चालतात.

हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एक साधी गोष्ट घेऊ आणि तिच्यावर सगळे प्रयोग करू.

कच्ची गोष्ट

वडील वारले आहेत. मुलगी सुलभा आणि मुलगा भास्कर घर रिकामं करायला येतात. अण्णांना शेवटची काही वर्षं ऐकू येत नव्हतं. मुलांनी त्यांना श्रवणयंत्र आणून दिलं होतं, पण कानात खरखर होते म्हणून त्यांनी ते खणात टाकलं, ते तिथेच राहिलं. त्यामुळे भाऊ-बहीण त्यांच्यासमोर मोकळेपणानं बोलत आले. घर कधी विकायचं, अण्णांना कुणी न्यायचं, कुणाला जमणार नाही. आता आवराआवर करताना त्यांना कळतं, की अण्णांनी मागाहून स्वतःच एक छोटं यंत्र घेतलं होतं, कानाच्या आत बसणारं, बाहेरून न दिसणारं. त्यांना ऐकू येत होतं.

युक्त्यांकडे वळण्याआधी या यंत्राची माहिती काढायची. अशा यंत्रात जस्त-हवा प्रकारचे बटणासारखे सेल असतात. प्रत्येक सेलवर रंगीत चिकटपट्टी असते. ती सोलली की छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल चालू होतो. पट्टीच्या रंगावरून सेलचा आकार कळतो: १० क्रमांकाची पिवळी, १३ क्रमांकाची नारिंगी. कानाच्या आत बसणाऱ्या छोट्या यंत्रांत १० क्रमांकाचा सेल वापरतात आणि तो थोडेच दिवस टिकतो, मग नवा घालावा लागतो. म्हणजे यंत्र वापरणाऱ्या माणसाच्या हातात दर काही दिवसांनी एक पिवळी टिकली उरते. अण्णा त्या टिकल्यांचं काय करत असतील?

मी ठरवलं, टेबलाच्या मागच्या कडेला ओळीनं चिकटवत असतील. आता मला कथा दिसायला लागली. विषयाच्या अशा बारीक माहितीतून जी वस्तू हाती लागते ती कल्पनेतून सहसा लागत नाही. म्हणून लिहायला बसण्याआधी एक संध्याकाळ नुसत्या माहितीला द्या.

सुरुवात

घटनांच्या मधोमध सुरुवात करावी, हा सल्ला रोमन कवी होरेसचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा. तो अजून टिकून आहे, कारण मध्यावर आलेला वाचक आपोआप मागचं विचारू लागतो. अण्णांच्या आजारपणापासून सुरू करू नका. अंत्यविधीपासूनही नको. मी असं सुरू करीन:

‘किल्ल्या भास्करकडे होत्या, म्हणून सुलभा पायरीवर बसून राहिली.’

या एका वाक्यात घर आहे, भावंडं आहेत, हक्क कुणाकडे आहे तेही आहे. अण्णांचं नाव नाही. कुणीतरी गेलंय हे वाचकाला दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात आपसूक कळेल, आणि ते त्याचं त्यानं ओळखलेलं असेल.

कोण सांगतंय

इथे मात्र घाई करू नका. निवेदक बदलला की गोष्ट बदलते. खोटं वाटत असेल तर एकच प्रसंग तीन जणांकडून सांगून पाहा.

सगळं जाणणारा निवेदक घेतला तर तो पहिल्या पानावर सांगू शकतो, की अण्णांना ऐकू येत होतं. भास्कर ‘मी’ म्हणून सांगू लागला तर कथा हिशेबाची होईल, कारण घर विकायची घाई त्याला आहे. सुलभेच्या खांद्यामागून, ‘ती’ म्हणत, फक्त तिला दिसेल तेवढंच सांगितलं तर वाचक तिच्याबरोबर खण उघडतो. मी हाच तिसरा मार्ग घेईन, कारण त्यात एक फार देखणी सोय आहे. निवेदकाचं वाक्य आणि पात्राच्या मनातलं वाक्य यांच्यातला सांधा पुसता येतो.

आधी सांधा दिसणारं रूप:

‘सुलभानं खण उघडला. तिला वाटलं, की भास्करनं हे आधीच करायला हवं होतं.’

आता सांधा पुसलेलं:

‘सुलभानं खण उघडला. हे आधीच करता आलं असतं त्याला. किल्ल्या तर त्याच्याचकडे होत्या.’

दुसरं आणि तिसरं वाक्य कुणाचं? व्याकरणानं निवेदकाचं, सुरानं सुलभेचं. वाचताना माझा आवाज तिथे आपोआप थोडा चढतो. ‘तिला वाटलं’, ‘तिच्या मनात आलं’, ‘ती विचार करू लागली’ हे शब्द खर्ड्यात शोधा आणि जिथे जमेल तिथे काढून टाका. वाक्य तरीही उभं राहिलं तर त्यांची गरजच नव्हती.

ही पद्धत किती फसवी असू शकते, याचा पुरावा कोर्टात मिळालेला आहे. फ्रेंच लेखक फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीवर १८५७मध्ये पॅरिसमध्ये खटला झाला, तेव्हा सरकारी वकिलानं नायिकेच्या मनातलं लेखकाचंच मत म्हणून मांडलं. फ्लोबेर निर्दोष सुटला. पण सुरुवातीला वाचकांचा असा गोंधळ होणार, हे लिहिणाऱ्यानं गृहीत धरावं. पात्राची भाषा इतकी त्याची असावी, की ती लेखकाची वाटूच नये.

याला लागूनच अविश्वसनीय निवेदक येतो, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही असा. ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथनं १९६१मध्ये रूढ केली. समजा सुलभाच सांगते आहे: ‘अण्णांसमोर मी कधी वेडंवाकडं बोलले नाही.’ दोन पानांनंतर भास्कर सहज म्हणतो, ‘तूच म्हणाली होतीस ना, की त्यांना न्यायला तुझ्याकडे खोली नाही?’ सुलभा त्यावर निवेदनात काहीच म्हणत नाही, सरळ कपाटाकडे वळते. वाचक थबकतो. मात्र एवढ्या एका जागेवर थांबलात तर त्याला ती लेखकाच्या हातून झालेली विसंगती वाटेल. दोन-तीन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या तोंडून, तीच फट दिसली पाहिजे. निवेदक खोटं बोलतो तेव्हा त्याच्याकडे खोटं बोलायला कारणही हवं. सुलभेला ते आहे, तिला स्वतःकडे बघायचं नाही. नुसतं वाचकाला चकवायला निवेदक खोटा केलात तर वाचक चिडतो, आणि ते योग्यच आहे.

पेरणी

पिवळ्या टिकल्या शेवटी उलगडणार असतील तर त्या आधी दिसल्या पाहिजेत. दिसल्या पाहिजेत, पण लक्षात येता कामा नयेत. हे कसं साधायचं, यावर नवे लेखक सर्वात जास्त अडतात, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक जण वस्तू धूसर करतात. ‘टेबलामागे काहीतरी पिवळं चमकलं’ असं लिहितात. यानं उलटंच होतं, कारण ‘काहीतरी’ हा शब्द वाचकाला थांबवून बोट दाखवतो. वस्तू स्पष्ट दाखवा आणि तिला एक चुकीचं कारण देऊन टाका:

‘भास्करनं टेबल भिंतीपासून ओढलं. मागच्या कडेला पिवळ्या टिकल्या ओळीनं चिकटवलेल्या होत्या. त्याच्या धाकटीचा उद्योग. “आता हे कोण खरवडणार?” तो म्हणाला.’

इथे तीन गोष्टी घडल्या. टिकल्या पूर्ण उजेडात आहेत. त्यांचं स्पष्टीकरण लगेच मिळालं, त्यामुळे कुतूहल मिटलं. आणि परिच्छेद भांडणाच्या दिशेनं पुढे सरकला, म्हणून वाचकाचं लक्ष भास्करच्या वैतागावर गेलं. स्पष्टीकरण भास्करचं आहे, निवेदकाचं नाही, हेही बघा. निवेदकानं स्वतः खोटं सांगितलं असतं तर नंतर तो वाचकाचा विश्वास गमावून बसला असता. भास्करच्या अंदाजाची जबाबदारी भास्करवर.

मध्ये एकदा त्या वस्तूला पुन्हा स्पर्श करायचा, वेगळ्या निमित्तानं. खणात जुनं, मोठं यंत्र सापडतं, शेजारी त्याच्या सेलचं न उघडलेलं पाकीट. त्यावरच्या पट्ट्या नारिंगी. निवेदक एवढंच नोंदवतो. एखाद्या तल्लख वाचकाच्या मनात कुठेतरी रंगांचा मेळ बसत नाही, बाकीच्यांच्या ते लक्षातही येत नाही. दोघांनाही शेवटी समाधान मिळतं.

भिंतीवर बंदूक दाखवली तर ती पुढे उडालीच पाहिजे, हा रशियन लेखक चेखव्हचा नियम. तशा अर्थाचं त्याचं एक पत्र १८८९चं आहे. कामाच्या दृष्टीनं मला त्या नियमाची मागची बाजू जास्त उपयोगी वाटते. शेवट आधी लिहून टाका, तिथे कोणती वस्तू लागली ते बघा, मग मागे जाऊन ती पेरा. पुढून मागे लिहिताना पेरणी सहज होते. मागून पुढे लिहिताना ती बहुधा राहून जाते आणि मग शेवटच्या पानावर यंत्र आकाशातून पडतं.

वाचकाला आधी सांगायचं की नंतर

इथे खरा निर्णय आहे. तीन वाटा दिसतात.

एक, वाचकाला आणि सुलभेला एकाच क्षणी कळू द्या. धक्का बसेल, पण एकदाच.

दोन, वाचकाला पहिल्या पानावरच सांगा. मग जुना रविवारचा प्रसंग लिहा. अण्णा खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसलेत, दोन हातांवर मुलं घराची किंमत ठरवताहेत. कुणीही आवाज चढवत नाही, काहीही घडत नाही, आणि तरी वाचकाला बसवत नाही, कारण वर्तमानपत्रामागे कोण ऐकतंय हे त्याला माहीत आहे. यालाच नाट्यात्म उपरोध म्हणतात. वाचकाला जास्त, पात्रांना कमी. असा प्रसंग जितका साधा लिहाल तितका तो जड होतो. ‘अण्णांच्या डोळ्यांत पाणी तरळलं’ हे वाक्य घातलंत की संपलं. त्यापेक्षा अण्णा बराच वेळ पान उलटत नाहीत, एवढं पुरे.

तीन, वाचकाला सुलभेच्या किंचित आधी कळू द्या. अर्धं पान आधी. ती टिकल्या खरवडतेय, छोटं यंत्र तिच्या हाती लागलंय, ती ते उघडून बघतेय, आतल्या सेलवर क्रमांक आहे. वाचकाच्या लक्षात येतं. तिच्या अजून आलेलं नाही. ते अर्धं पान वाचक तिला थांबवू बघतो. मला हीच वाट सर्वात आवडते. पहिल्या वाटेत वाचक चकित होतो, दुसरीत तो साक्षीदार होतो, तिसरीत त्याला सुलभेची काळजी वाटते.

कलाटणी आणि उमज एकाच क्षणी आल्या तर परिणाम सर्वात मोठा, असं अ‍ॅरिस्टॉटलनं शोकांतिकेबद्दल म्हटलं आहे. आपल्या गोष्टीत त्याचं एक विलक्षण रूप दिसतं. नवं काहीच घडत नाही. माणूस आधीच गेलेला आहे, घर विकायचंच आहे. तरी मागचा प्रत्येक रविवार बदलतो. कलाटणी भूतकाळाला मिळते. छोट्या कथेला ही कलाटणी फार मानवते, कारण तिच्यासाठी नवी पात्रं किंवा अपघात आणावे लागत नाहीत.

न बोलता बोलणं

संवादाबद्दल आपल्या परंपरेत इतकं नेमकं सांगून ठेवलंय, की मला बाहेर फारसं शोधावं लागत नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनानं ध्वनीचा विचार मांडला, की शब्दाच्या वाच्यार्थापलीकडे जो अर्थ उमटतो तोच काव्याचा प्राण. अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाश’ लिहिणाऱ्या मम्मटाकडे याचं एक साधं उदाहरण येतं: ‘सूर्य मावळला.’ गुराख्यानं ऐकलं तर गुरं वळवायची वेळ झाली. सेनापतीनं ऐकलं तर हल्ल्याची. कामकऱ्यानं ऐकलं तर हात थांबवायची. प्रेयसीनं ऐकलं तर भेटीची. वाक्य तेच, ऐकणारा बदलला.

संवाद लिहिताना हे उदाहरण समोर ठेवा. पात्रानं काय म्हटलं यापेक्षा समोरच्यानं ते काय म्हणून ऐकलं, हे उत्तरातून दिसलं पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक खर्ड्यांत हा क्षण असा असतो:

‘“भास्कर, म्हणजे अण्णांना आपलं सगळं बोलणं ऐकू येत होतं! मला फार अपराधी वाटतंय.”
“हो ताई, आपण फार वाईट वागलो.”’

हे मोठ्यानं वाचून पाहा. दोघंही वाचकाशी बोलताहेत. आता दुसरं रूप:

‘“हे सेल किती दिवस चालतात?”
“काय माहीत. चार-पाच दिवस.”
सुलभा टिकल्या मोजत राहिली.
“आतल्या खोलीतलंही ऐकू येत असेल?”
“दार लावलेलं असायचं.”
“नेहमी नाही.”’

सुलभेनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर भास्करनं दिलेलं नाही. ऐकू येतं की नाही हे विचारलं होतं, त्यानं दाराचं सांगितलं. म्हणजे त्याला कधीच कळलंय, आणि तो बचाव शोधतोय. ‘अपराध’ हा शब्द आला नाही, म्हणून तो सगळीकडे पसरला. तुमच्या संवादात एखादं उत्तर प्रश्नाला बगल देतंय का, बघा. प्रत्येक उत्तर सरळ येत असेल तर ती मुलाखत झाली.

भावनेचंही असंच. विभाव (भावनेचं कारण), अनुभाव (तिचा वागण्यात दिसणारा परिणाम) आणि व्यभिचारी भाव (मध्येच येऊन जाणारे भाव) यांच्या संयोगातून रस निर्माण होतो, असं ‘नाट्यशास्त्र’कार भरताचं सूत्र सांगतं. लिहिणाऱ्यासाठी त्याचा सरळ अर्थ असा, की भावनेचं नाव घेऊ नका. तिचं कारण दाखवा आणि तिनं शरीरात, वागण्यात काय बदललं ते दाखवा. ‘सुलभाला अपराधी वाटलं’ याऐवजी मी लिहीन: ‘त्यानंतर ती त्या घरात हळू आवाजात बोलू लागली.’ घर रिकामं आहे, ऐकणारा गेला आहे, आणि ती आत्ता आवाज खाली आणतेय. हे वाक्य सुचायला मला वेळ लागला, आणि तसा तो लागतोच. भावनेचं नाव लगेच सुचतं; अनुभाव शोधावा लागतो. एक रीत सांगते. ‘राग’, ‘दुःख’, ‘अपराध’ असे शब्द खर्ड्यात खुणा म्हणून राहू द्या, त्यांच्यावर घोटाळू नका. दुसऱ्या हातात, म्हणजे खर्डा पुन्हा लिहिताना, प्रत्येक खुणेजवळ थांबून विचारा: या माणसानं आता नेहमीची कोणती गोष्ट वेगळी केली?

प्रतीक आणि उपमा

प्रतीक ठरवून आणू नये, ते पेरणीतून आपोआप तयार होतं. टिकल्या पहिल्यांदा पोरीचा खेळ होत्या, दुसऱ्यांदा खरवडायची कटकट झाल्या, तिसऱ्यांदा ऐकलेल्या दिवसांची नोंदवही. वस्तू तीच, दर वेळी अर्थ नवा. तिसऱ्या वेळी ‘जणू अण्णांनी एकेक दिवस भिंतीआड चिकटवून ठेवला होता’ असं लिहायचा मोह होईल. लिहू नका. वाचक तिथे पोचलेला असतो, आणि आपण सांगितलं की तो मागे सरतो.

उपमांबद्दल थोडक्यात. ज्या पात्राच्या खांद्यामागून सांगताय, उपमाही त्याच्याच जगातली हवी. सुलभा मुद्रितशोधक असेल तर तिला टिकल्यांची ओळ पूर्णविरामांसारखी दिसेल. भास्कर जमीन मोजणारा असेल तर त्याला त्यात मोजपट्टीवरच्या खुणा दिसतील. दोघांना सारखीच उपमा सुचत असेल तर ती लेखकाची आहे. एका वाक्यात दोन उपमा कधीही नकोत. माईकसमोर पहिली विझल्याशिवाय दुसरी पेटत नाही.

उपमेपेक्षा कधी कधी नाव काढून घेणं जास्त कामाचं. रशियन समीक्षक श्क्लोव्हस्कीनं १९१७मध्ये अपरिचितीकरणाची कल्पना मांडली. सवयीनं न दिसणारी वस्तू पहिल्यांदा पाहिल्यासारखी सांगायची, म्हणजे ती पुन्हा दिसू लागते. छोटं यंत्र सापडतं तेव्हा ‘श्रवणयंत्र’ हा शब्द लगेच देऊ नका. ‘शेंगदाण्याएवढं, कातडीच्या रंगाचं, एका बाजूला बारीकसं झाकण.’ सुलभा नखानं झाकण उघडेपर्यंत वाचकही बघत राहतो. मग नाव आलं तरी चालतं.

वेळ

घडण्याचा वेळ आणि सांगण्याचा वेळ वेगळे, हे फ्रेंच समीक्षक जेरार जेनेतनं १९७२मध्ये क्रम, कालावधी आणि वारंवारता अशा तीन अंगांनी मांडलं. क्रमाची युक्ती, म्हणजे फ्लॅशबॅक, सगळ्यांना माहीत असते आणि गरजेपेक्षा जास्त वापरली जाते. मागे जायचं तर वर्तमानातल्या एखाद्या गोष्टीनं ढकललं पाहिजे, आणि परतल्यावर वर्तमान आधीसारखं राहता कामा नये. तसं होत नसेल तर मागची माहिती एका वाक्यात द्या.

कालावधीचा नियम सोपा. अण्णांच्या बहिरेपणाची सगळी वर्षं एका ओळीत, टेबलापाशी गेलेली दोन मिनिटं तीन पानांत.

वारंवारतेकडे मात्र कुणी बघत नाही, आणि मराठीत तिच्यासाठी सुंदर हत्यार आहे, ते म्हणजे रीतिभूतकाळ.

‘दर रविवारी दोघं येत. भास्कर खिडकीपाशी बसे, सुलभा पलंगावर. घराचा विषय निघे. अण्णा वर्तमानपत्र वाचत. एका रविवारी अण्णांनी वर्तमानपत्र घडी करून खाली ठेवलं आणि ते उठून आत गेले.’

‘येत, बसे, निघे’ यांनी चार वाक्यांत कितीतरी रविवार मावले. मग ‘ठेवलं’ आलं आणि काळ एका दिवसावर थांबला. वाचताना या जागी मी काहीही न करता थांबते, क्रियापदच थांबवतं. त्या रविवारी काय बोलणं झालं होतं, हे इथे सांगू नका. सुलभा टिकल्या मोजताना तिला आठवू द्या.

संज्ञाप्रवाहाबद्दल बरेच जण विचारतात. विल्यम जेम्सनं १८९०मध्ये मानसशास्त्रात विचारांच्या वाहतेपणाचं हे वर्णन केलं, ते पुढे कादंबरीत आलं. या गोष्टीला ते लागत नाही. सुलभा विचार टाळणारी बाई आहे. तिच्या डोक्यातून अखंड ओघ वाहवला तर तिचं लपवणंच संपेल. युक्ती नाकारण्याचं कारण असं पात्रातून मिळालं पाहिजे.

दुसरा हात

खर्डा पूर्ण झाला की एक कोरा कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘वाचकाला माहीत’, उजवीकडे ‘सुलभेला माहीत’. प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की ज्या बाजूला भर पडली तिथे दोन शब्द लिहा. ‘टिकल्या दिसल्या’ दोन्हीकडे. ‘रंग जुळत नाही’ डावीकडेच. ‘खोली नाही असं म्हणाले होते’ उजवीकडे, बरंच आधीपासून. डावीकडे भास्करच्या वाक्यानंतर. सलग पानभर कुठल्याच बाजूला काही पडलं नाही, तर ते पान भाषा कितीही सुंदर असली तरी कापा. दोन्ही बाजू सतत सारख्याच भरत असतील तर वाचक आणि पात्र एकाच उंचीवर चालताहेत. कुठेतरी एकाला पुढे काढा.

आणि दोन्ही बाजू पूर्ण जुळल्या, की कथा थांबवा. आपल्या गोष्टीत ते ‘नेहमी नाही’ या उत्तरापाशी होतं. त्यानंतर फार तर तिच्या बदललेल्या आवाजाचं एक वाक्य. भावंडांची दिलजमाई, घराचं पुढे काय झालं, सुलभेनं आयुष्यातून काय शिकलं, हे सगळं खर्ड्यात लिहिलं असेल तर वेगळ्या कागदावर काढून ठेवा. त्यातला एखादा तपशील आधीच्या प्रसंगात कामी येतो.

मग खर्डा दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या, स्वतः वाचू नका. स्वतःच्या वाक्यांचा सूर आपल्याला आधीच माहीत असतो, त्यामुळे कागदावर नसलेलंही आपण आवाजात भरून काढतो. वाचणाऱ्याला आधी काही सांगू नका. तुम्ही समोर प्रत घेऊन बसा आणि तो जिथे अडखळेल, जिथे एखादं वाक्य चुकीच्या पात्राच्या सुरात म्हणेल, जिथे मागे जाऊन पुन्हा वाचेल, तिथे समासात फक्त रेघ मारा. मध्ये बोलून खुलासा करू नका. वाचून झालं की त्याला एकच विचारा, अण्णांना ऐकू येत होतं हे तुला कुठल्या ओळीला कळलं? त्यानं दाखवलेली ओळ आणि तुम्ही ठरवलेली ओळ यांच्यामध्ये जे काही आहे, पुढच्या हातात काम तिथेच करायचं.